गोल्फ कार्टची बॅटरी पूर्ण उतरवून चार्ज करायची? अजिबात नाही

सोसायटीवाल्यांच्या आणि रिसॉर्टवाल्यांच्या ग्रुपवर "गोल्फ कार्टची बॅटरी दुप्पट टिकवा" असा एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय की गाडी बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच चार्जिंगला लावा नाहीतर बॅटरीला मेमरी लागते (म्हणजे अर्धवट चार्जची सवय लागून ती कमी साठवते), चार्जर दोन-तीन तासांत काढा, चार्जिंगच्या आधी पाणी काठोकाठ भरा, आरओचं चालतं, ग्रॅव्हिटी (बॅटरीतल्या अ‍ॅसिड-पाण्याची घनता) कमी आली तर थोडं अ‍ॅसिड टाका, पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर वायर काढून ठेवा म्हणजे बघायला नको, आणि बॅटरी सिमेंटच्या फरशीवर कधीच ठेवू नका. आमच्या सोसायटीत आजी-आजोबांना गेटपासून बिल्डिंगपर्यंत सोडायला कार्ट आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. यातल्या बहुतेक गोष्टी केल्या तर बॅटऱ्यांचा अख्खा सेट दुप्पट टिकायचं सोडा, वेळेच्या खूप आधी जाईल.

सगळ्यात घातक सल्ला पहिलाच आहे. मेमरीचा प्रकार जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा, आपल्या कार्टमध्ये असतात त्या पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड, आणि यांना मेमरी बिमरी काही नसते. यांचा शत्रू वेगळाच आहे. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेट जमतं, लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं, पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की त्याचे कडक खडे बनतात आणि मग ते चार्जरने निघत नाहीत, तेवढी क्षमता कायमची गेली. दुसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक विचारातच घेतलेली नाही. ४८ व्होल्टच्या गाडीत बहुधा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या असतात, प्रत्येकीत चार सेल (आतले वेगवेगळे कप्पे) म्हणजे एकूण २४ सेल, आणि हे सगळे कधीच अगदी सारखे नसतात. गाडी बंद पडेपर्यंत दामटली की सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात, तो उलटा चार्ज व्हायला लागतो आणि तिथेच त्याचा कारभार आटोपतो. एक सेल गेला की पूर्ण गाडी चढावर धापा टाकते आणि ड्रायव्हर म्हणतो मोटर खराब झाली.

म्हणून शक्यतो निम्मीच वापरा, फारच गरज पडली तर ८० टक्के वापरा, त्याच्या पुढे नाही. ४८ व्होल्टचा सेट फुल चार्ज होऊन काही तास शांत राहिल्यावर साधारण ५०.९ व्होल्ट दाखवतो आणि ४८.४ च्या आसपास आला की निम्मा संपलाय असं समजा. गाडी चालू असताना किंवा चार्जर नुकताच काढला असताना मोजलेला आकडा फसवा असतो, त्यावर जाऊ नका.

दोन-तीन तासांत चार्जर काढायचा सल्लाही त्याच जातीचा. सुरुवातीचा मोठा भाग पटकन भरतो पण शेवटचा २० टक्के हळूहळूच भरतो आणि तोच सल्फेट साफ करणारा टप्पा असतो. रोज अर्धवट काढलं तर बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. चांगला ऑटोमॅटिक चार्जर स्वतः कट-ऑफ होतो, रात्रभर लावून ठेवायला हरकत नाही, फक्त जागा मोकळी हवी कारण चार्जिंग संपत येताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. बंद बेसमेंटच्या कोपऱ्यात चार्जिंग पॉइंट काढणाऱ्या कमिट्यांनी हे जरूर वाचावं.

पाण्याचं म्हणाल तर चार्ज झाल्यावर टाका, आधी नाही. चार्ज होताना पाणी फुगतं, आधी काठोकाठ भरलंत तर अ‍ॅसिडसकट बाहेर सांडतं आणि ट्रे, नट-बोल्ट सगळं खातं. अपवाद एकच, प्लेट उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकं आधी घाला आणि बाकीचं नंतर. आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर. घरच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, ते सेलमध्ये गेले की बाहेर येत नाहीत.

अ‍ॅसिड तर टाकूच नका! सेलमधून कमी होतं ते पाणी, अ‍ॅसिड कुठे जात नाही. ग्रॅव्हिटी कमी दिसतेय म्हणजे अ‍ॅसिड सल्फेट बनून प्लेटवर बसलंय, वरून ओतलं तर हायड्रोमीटरला (ग्रॅव्हिटी मोजायच्या नळीला) बरं दिसेल पण प्लेट झिजायला लागेल. आधी पूर्ण चार्ज करा आणि मग मोजा, १.२६५ ते १.२८० च्या आसपास यायला हवी. सगळे सेल सारखे कमी असतील तर चार्जिंग अपुरं, एकच सेल बराच खाली असेल तर तो सेल बिघडलाय.

पावसाळ्याचं अर्धं बरोबर आहे. वायर काढली किंवा रन-टो स्विच (गाडी चालवायची की ओढून न्यायची ते ठरवणारं बटण) टोवर ठेवला की कंट्रोलर, म्हणजे मोटर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बॅटरी खात नाही, पण बॅटरी स्वतःची स्वतः उतरतच असते आणि आपल्या उकाड्यात जास्तच. जूनमध्ये उभी करून ऑक्टोबरला बघितलं तर सल्फेटने भरलेले डबे मिळतील. फुल चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत चार्ज करा.

सिमेंटच्या फरशीचं सोडून द्या, ती जुन्या रबरी डब्यांच्या काळातली गोष्ट, आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना काही होत नाही.

लिथियम कार्ट असेल तर पाणी, ग्रॅव्हिटी काहीच नाही, पण तीही पूर्ण उतरवायची नाही आणि लेड-अ‍ॅसिडचा जुना चार्जर तिला लावायचा नाही, साधारण निम्म्या चार्जवर उभी करून ठेवली तर बरी राहते.