शटरची किल्ली

वडोदऱ्याच्या मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरला लागणारे पत्र्याचे सुटे भाग तयार करण्याचे माझे छोटे युनिट आहे. सहा प्रेस, एक शीअरिंग मशीन आणि एकोणीस माणसे एवढाच पसारा. या युनिटचे शटर चौदा वर्षे रोज सकाळी साडेसातच्या आत मी स्वतःच्या हाताने उघडले. घरी लग्नकार्य असो की अंगात ताप असो, किल्ली माझ्याच खिशात असे, आणि ही गोष्ट मी लोकांना अभिमानाने सांगत असे. त्या किल्लीचा माझ्या प्रकृतीशी किती जवळचा संबंध होता हे मला फार उशिरा समजले. वडोदऱ्यातल्या माझ्यासारख्या लहान उद्योजकांना ते वेळेवर समजावे, या एकाच इच्छेने हे सविस्तर लिहीत आहे.

२०२४च्या एप्रिलमध्ये वार्षिक तपासणीत माझे एचबीए१सी ६.३ आले. ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा अंदाज देते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे उंबरठा ओलांडलेला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही. रोज अर्धा तास चाला, पाच किलो वजन उतरवा, रात्री सात तास झोपा आणि सहा महिन्यांनी या, एवढेच ते म्हणाले. मला ते सांगणे फारच किरकोळ वाटले होते. नंतर वाचनात आले की अमेरिकेत मोठ्या गटावर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम आणि सात टक्के वजनघट एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायामाचा फायदा २८.५ टक्के दिसला आणि गोळीचाही जवळपास तेवढाच. म्हणजे भारतीय शरीराला थोडे कमी फळ मिळाले, पण मिळाले ते औषधाच्या तोडीचे. यातली चालण्याची गोष्ट तर फुकट आहे.

तरीही पुढचे चार महिने मी या फुकटच्या गोष्टी सोडून विकतच्या गोष्टींच्या मागे होतो. जिमची वर्षाची फी भरली आणि अकरा दिवस गेलो. अश्वगंधाच्या गोळ्या आणल्या. बागेच्या फाटकाबाहेर मिळणारा दुधीचा रस रोज प्यायलो. या रसाविषयी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी. दुधी चवीला कडू निघाला, तर त्याचा रस एक घोटही घेऊ नये, कारण तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. कडू रस प्यायल्यानंतर माणसे दगावल्याच्या घटनांनंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही तसा इशारा दिलेला आहे. वनस्पती नैसर्गिक आहे, म्हणून ती निरुपद्रवी असे मुळीच नाही. काढे, गोळ्या, पावडरी जे काही घेत असाल ते आपल्या डॉक्टरांना सांगा, विशेषतः दुसरी औषधे चालू असतील तर.

चालणे मात्र जमेना. सहाला कमाटीबागेत पोहोचत असे, पण फुलांच्या घड्याळापर्यंत जाईतो खिशातला फोन वाजायचा. पत्र्याच्या कॉइलची गाडी आली आहे, शटर बंद आहे, ड्रायव्हर ओरडतो आहे. मी अर्ध्या वाटेतून गाडी काढून मकरपुऱ्याला धाव घ्यायचो. आठवड्यातून चार वेळा असे होऊ लागल्यावर मी बागेत जाणेच सोडले आणि सर्वांना सांगू लागलो की धंदेवाल्या माणसाला असले नियम पाळता येत नाहीत. माझ्यात निश्चयाची कमतरता आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. खरा दोष माझ्या कामाच्या रचनेत होता, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

ते लक्षात आणून दिले विश्वामित्रीने. त्या ऑगस्टच्या अखेरीस नदीला जो पूर आला तो आपण कोणीच विसरलेलो नाही. आमच्या सोसायटीत कमरेएवढे पाणी होते आणि मी तीन दिवस पहिल्या मजल्यावर अडकून पडलो. फोनही धड लागत नव्हता. चौथ्या दिवशी युनिटवर पोहोचलो तेव्हा आत घोट्याएवढ्या पाण्याची खूण भिंतीवर दिसत होती, पण कॉइल लाकडी पॅलेटवर चढवलेल्या होत्या, मेन स्विच बंद केलेला होता आणि सगळ्या डाय, म्हणजे प्रेसचे साचे, ग्रीस लावून, प्लास्टिकात गुंडाळून वरच्या मांडणीवर ठेवलेल्या होत्या. आमचा सुपरवायझर, जो अकरा वर्षे माझ्याकडे आहे, त्याने शेजारच्या युनिटच्या वॉचमनला घेऊन मागच्या दाराचे कुलूप तोडले होते आणि दोन मुलांना हाताशी धरून हे सगळे केले होते. कुलूप तोडावे लागले, कारण किल्ली माझ्याकडे होती.

पुढच्या सोमवारी मी शटरची किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याने ती घेतली नाही. हात मागे घेऊन तो म्हणाला, “दादा, माझं काही चुकलं का?” त्याला वाटले, कुलूप तोडल्याचा राग धरून मी त्याची परीक्षा पाहतो आहे. अकरा वर्षांत मी त्याच्यावर कधी विश्वास टाकला नव्हता, याची यापेक्षा स्पष्ट पावती मला मिळाली नसती. “उद्यापासून तू उघड, मी साडेनऊला येईन,” असे सांगितले तेव्हा माझा आवाज जड झाला होता. पहिला आठवडा मी बागेत चालत होतो खरा, पण हात सारखा खिशातल्या फोनकडे जात होता. तो वाजला नाही. दहाव्या दिवशी मी फोन घरी ठेवून निघालो.

आरोग्याच्या सवयींविषयी उद्योजकांना जे काही सांगितले जाते, त्यात हा भाग जवळजवळ नसतोच. पहाटे चारला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, ध्यान करा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. रात्री बाराला झोपून चारला उठणाऱ्याने तीन तासांची झोप गमावली, एवढाच माझ्या मते त्याचा अर्थ होतो. जोपर्यंत धंद्याचे प्रत्येक काम मालकाच्या एकट्याच्या अंगावर आहे, तोपर्यंत कोणतीही चांगली सवय त्याच्या दिवसात टिकणार नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना मी दोनदा पैसे भरून बसलो आहे. दुसऱ्याला काम सोपवून त्याची लहानशी चूक शांतपणे सोसायला मला त्या किल्लीनेच शिकवले.

वाईट झोपेचा हिशेब मी पैशांतही मांडू शकतो. त्याच वर्षी जूनमध्ये रात्री साडेअकराला एका ग्राहकाच्या खरेदी खात्यातून फोन आला आणि चाळीस हजार नगांचा भाव लगेच हवा होता. दोन रात्री नीट झोप झाली नव्हती. मी भाव दिला आणि त्यात झिंक प्लेटिंगचा खर्च धरायचाच राहिला. नगामागे एक रुपया दहा पैसे, म्हणजे चव्वेचाळीस हजार रुपये. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून रात्री नऊनंतर मी कोणालाही भाव सांगत नाही. सकाळी दहापर्यंत थांबलो म्हणून आजवर एकही ऑर्डर गेलेली नाही. पाचनंतर चहाही घेत नाही, कारण चहा-कॉफीतले कॅफिन शरीरातून निम्मे कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

चहाचा हिशेब तर मला हादरवणारा होता. दिवसाला सात कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा साधारण चार ग्रॅम धरला तर छप्पन ग्रॅम साखर नुसत्या चहातून, जेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्यतो पंचवीसच्या आत ठेवायला हवी. आता तीन कप, प्रत्येकी अर्धा चमचा. सेवउसळ सोडलेली नाही, कारण ती सोडली तर मी वडोदरेकर कसला, पण ती रविवारी सकाळी खातो आणि वरची सेव निम्मी करून घेतो.

आपल्या घरांत शतपावली हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. जेवल्यावर आजी आम्हाला अंगणात फेऱ्या मारायला लावत असे. जेवणानंतर चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनवरचा भार कमी होतो, हे त्यामागचे कारण मला आता समजले. शंभर पावलांऐवजी मी पंधरा मिनिटे चालतो, सौ.सोबत. त्या वेळात धंद्याविषयी बोलायचे नाही असे आमचे ठरलेले आहे, आणि मुलीच्या परीक्षेपासून शेजारच्या काकूंच्या गुडघ्यापर्यंत सगळे विषय तेव्हा निघतात.

या शहराचा वारसाच शरीर सांभाळण्याचा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० सालचे. माझे आजोबा तिथे मल्लखांब शिकले. राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात तिथेच तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था स्थापन केली. मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो तो आणखी एका गोष्टीसाठी. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांनी शरीरात नेमके काय होते हे नुसते ग्रंथांवर विसंबून न सांगता, त्यांनी १९२०च्या सुमारास इथल्याच रुग्णालयात क्ष-किरणांच्या मदतीने तपासून पाहिले. म्हणून परंपरेतली प्रत्येक गोष्ट डोळे मिटून घ्यावी असे मी म्हणत नाही. मीही उत्पादनाच्या रजिस्टरसारखी एक वही घातली आहे, त्यात झोपेचे तास, चालण्याची मिनिटे आणि चहाचे कप रोज लिहितो, आणि तीन महिन्यांनी तपासणीचा आकडा त्याच्या शेजारी लिहितो. पहिला आकडा ६.१ होता, दुसरा ५.८.

हे सगळे मालकापुरते ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. आमच्या कामात प्रेसवर डुलकी लागली तर बोट जाते. दोन्ही हातांनी दाबायची बटणे बसवलेली असली तरी थकलेला माणूस कुठला तरी आडमार्ग शोधतोच. मार्चच्या घाईत मी याच माणसांना रात्री दहापर्यंत ओव्हरटाइमला थांबवून सकाळी साडेसातला परत बोलावत होतो. सुपरवायझरने किल्ली घेतल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात पहिली गोष्ट हीच मागितली, “दादा, रात्रपाळीनंतर सकाळी दहाला बोलवू या.” मी मान्य केले. मोडीत जाणारा माल कमी झाला, हे त्याने रजिस्टर उघडून मला दाखवले.

सगळे सुरळीत झाले आहे असे नाही. जी.एस.टी.चे विवरणपत्र भरण्याच्या २० तारखेच्या आदल्या रात्री अजून झोप उडते. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा असूनही ९० दिवस थांबावे लागते, तेव्हा चालून काही मन हलके होत नाही. आणि चेकबुकाच्या कपाटाची किल्ली अजून माझ्याच खिशात आहे. मुलीची बी.कॉम.ची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये संपते. ती किल्ली तिच्या हाती द्यायची का, आणि तिला ती हवी आहे का, हे शतपावलीच्या वेळी नव्हे, तर एखाद्या रविवारी सकाळी युनिटवर बसून तिलाच विचारायचे ठरवले आहे.