आमच्या जिन्याचा कठडा आज भंगारात गेला

सकाळी कढीपत्ता आणायला म्हणून खाली निघाले, सवयीने डावा हात टाकला आणि तो हवेत गेला. कठडाच नव्हता. डोकावून बघते तर खाली दोन पोरं पहारीने उरलेलं लाकूड उपटतायत आणि गेटबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा. त्यात आमच्या जिन्याचं सागवान, तुकडे करून, कुणाच्या तरी फुटक्या कमोडशेजारी.

मला माहीत नव्हतं असं नाही. ठराव झाला होता. अजेंड्यावर चक्क 'एन्ट्रन्स आणि जिना, प्रीमियम लूक' असं लिहिलं होतं. विरोधात दोन हात वर झाले. एक माझा आणि दुसरा तळमजल्यावरच्या काकांचा, ज्यांना जिना लागतच नाही. दोन विरुद्ध चौदा. पण मीटिंगमध्ये हरणं वेगळं आणि सकाळी हात हवेत जाणं वेगळं. रागात लिहितेय, शुद्धलेखनाकडे बघू नका.

जे आमच्याकडे येऊन गेलेत त्यांना बिल्डिंग आठवत असेल. दादर आणि माटुंग्याच्या मधली, तळ अधिक तीन, लिफ्ट नाही. गेटवर सिमेंटच्या उठावात १९३८. कोपऱ्यावर गोल वळणाऱ्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे लांबलचक छज्जे आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक गोल खिडकी. याला आर्ट डेको म्हणतात हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. तेही आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी वही घेऊन आमच्या जिन्यात बसली होती, तिने सांगितलं म्हणून. तोवर ती आपली बिल्डिंग होती, बस्स. खिडकीला मात्र नाव होतं. आई तिला बोटीची खिडकी म्हणायची.

आई रत्नागिरीकडची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. त्या मुलीने मला सांगितलं की तेव्हाच्या आर्किटेक्टांना समुद्र ओलांडणाऱ्या मोठ्या आगबोटींचं भारी वेड होतं, म्हणून गोल खिडक्या, म्हणून आडव्या नळ्यांचे कठडे. आईच्या डोळ्यांसमोर कोकणबोट आणि तिच्यात झालेल्या उलट्या. पण ओळखलं तिने बरोबर, कुठलं पुस्तक न उघडता.

२०११ साली आई बाथरूममध्ये पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि मग एक दिवस फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, आता जिना. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला मी. अकरा पायऱ्या, मग खिडकी. खिडकीखाली भिंतीतच काढलेला हातभर रुंद कट्टा आहे. त्यावर टेकायचं, श्वास खाली बसू द्यायचा, समोरच्या आंब्यावर कावळ्याचं काय चाललंय ते बघायचं आणि पुन्हा अकरा पायऱ्या. "अकरा झाल्या, आली बोट." तीन महिने रोज हेच.

त्या तीन महिन्यांत मी आमचा जिना पहिल्यांदा बघितला. त्याआधी आयुष्यभर त्यावरून नुसती धावत होते, ८:१२ची लोकल पकडायला. शेवटी न राहवून टेप घेऊन मोजला. पायरी बरोबर सहा इंच, एकही कमीजास्त नाही. कठड्याचं लाकूड वरून गोलसर आणि खालून बोटं अडकतील अशी खाच. आईच्या वाकड्या झालेल्या बोटांत मावेल इतकंच जाड. वळणावर ते तुटत नाही, अखंड वळतं, म्हणजे हात सोडावा लागत नाही. आणि अगदी तळाशी गोगलगाईसारखा वळसा. हात तिथे आला की समजायचं, जमीन आली. आईला मोतीबिंदू होता. तिला जमीन डोळ्यांआधी हाताला कळायची.

हे कुणीतरी बसून ठरवलं होतं हो. कुठल्या तरी कचेरीत, पेन्सिलीने, कागदावर. दमलेलं माणूस कुठे थांबेल, त्याला तिथे काय दिसेल, त्याचा हात कुठे असेल.

आता नवीन काय बसवलंय ते ऐका. गेल्या आठवड्यात पहिल्या मजल्यापर्यंतच्या मोझॅकच्या पायऱ्यांवर चकचकीत टाइल्स चढवल्या. मोझॅक न काढता, वरूनच. खाली सिमेंट, वर टाइल, झाली दीड इंच. वळणावरची जागा आणि तळमजल्याची फरशी 'फेज टू'मध्ये. म्हणजे आता प्रत्येक टप्प्याची पहिली पायरी साडेसात इंच, शेवटची साडेचार आणि मधल्या सगळ्या सहा. हे समजायला आर्किटेक्ट असावं लागत नाही, गुडघे असले तरी पुरे. मी हे कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, लोकांना सवय होते." सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण दिसतंय कसं बघा ना!"

दिसतंय कसं. सगळं इथेच येऊन अडतं आपलं.

मला आपल्या लोकांचं खरंच काही कळत नाही. प्राग-व्हिएन्नाला जाऊन दारांच्या कड्यांचे फोटो टाकतील, 'काय जपलंय हो यांनी!' म्हणून उसासे सोडतील आणि घरी येऊन एजीएममध्ये स्टीलच्या रेलिंगला हात वर करतील. नावं घेत नाही, कारण तेच आधी लाइक करतील.

दोन वर्षांपूर्वी पणजीला गेलो होतो. फोंतेन्हासमध्ये सकाळी सकाळी फिरत होते, गर्दी व्हायच्या आत. एका पिवळ्या घराच्या बल्कांवात एक बाई सुंगटं, म्हणजे आपली कोळंबी, सोलत बसली होती. बल्कांव म्हणजे दारासमोरचा छपराखालचा ओटा, समोरासमोर दोन बाक बांधलेले, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला. तेवढ्यात प्री-वेडिंगवालं एक जोडपं आलं, मागे छत्री धरलेला असिस्टंट. तो म्हणाला, "आंटी, दोन मिनिटं जरा आत जाता का?" बाईने मान वरसुद्धा केली नाही, सोलतच राहिली. ते बाक ज्या कामासाठी बांधलेत तेच काम ती करत होती आणि तिथे घराचा खरा कदरदान तिच्याशिवाय कुणी नव्हता. मला आमचा कट्टा आठवला. मग मीही एक फोटो काढलाच, खोटं कशाला बोलू. पण लांबून.

असो. भरकटले.

त्या आर्किटेक्चरवाल्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १८९६ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि आमचा सगळा दादर-माटुंगा त्यांनी आखला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमुळे लोक मरतात हे तेव्हा साहेबाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. आकडा भयंकर वाटतो, पण अर्थ सोपा आहे. खोलीवर उजेड साडेत्रेसष्ट अंशांच्या तिरक्या रेषेने उतरला पाहिजे, म्हणजे इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा शेजारी मोकळी सोडा. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी चारला ओट्यावर ऊन येतं ते त्या नियमाचं. मी पन्नास वर्षं ते ऊन देवाचं समजत होते. आणि आता आजूबाजूला जे टॉवर उठतायत त्यांच्या मधून हात बाहेर काढला तर शेजारच्याच्या फोडणीत जाईल!

हो, मान्य. आमची बिल्डिंग गळते. गच्चीवर दर पावसाळ्यात ताडपत्री. आणि लिफ्ट नाही म्हणून शेवटच्या खेपेला आईला चौघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं, हेही मान्य. तो जिना तेव्हा तिच्या काही कामाचा नव्हता. झालं समाधान?

पण लिफ्ट तर आलेलीच नाही ना. रिडेव्हलपमेंट किती वर्षं नुसत्या सह्यांवर लटकलंय. म्हणजे लिफ्टही नाही आणि कठडाही नाही. फक्त लूक.

२०१८ला ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह धरून ९४ इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. मी फोर्टात बँकेत होते, रोज सीएसएमटीला उतरायचे, त्यामुळे मला केवढा आनंद झाला होता तेव्हा. मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवरची कोरीव रांग, दुसऱ्या अंगाला आमच्या बिल्डिंगच्या श्रीमंत मावसबहिणी. गंमत बघा, व्हीटी बांधली फ्रेडरिक स्टीव्हन्सने आणि रीगल सिनेमा बांधला त्याच्याच मुलाने, चार्ल्सने, १९३३ला. बापाने दगडात मोर आणि माकडं कोरून घेतली, पोराने सरळ रेघा मारल्या. एका घरात एवढा फरक! जेवताना काय बोलत असतील?

पण त्या यादीत दादर नाही, माटुंगा नाही. पर्यटक येत नाहीत ना इथे. चर्चगेटच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून जी सूना महाल उभी आहे, १९३७ची, ती आर्किटेक्ट गजानन म्हात्रे यांची. आपला मराठी माणूस. त्यांनी ओव्हलसमोरही इमारती केल्या आणि आमच्या या बाजूलाही. पुतळ्यांवरून एकमेकांच्या उरावर बसणारे आपण, आणि हे नाव दहा जणांना विचारा, कुणी सांगितलं तर माझ्याकडून पुरणपोळी. आमची बिल्डिंग त्यांची नाही, कुणाची तेही आता कुणाला माहीत नाही. नकाशा सोसायटीच्या कपाटात वाळवीने खाल्ला. ज्याने तो कट्टा काढला त्याचं नावसुद्धा नाही आमच्याकडे.

दुपारी जाऊन भंगारवाल्याला गाठलं. वळशाचा तुकडा मागितला. तो आधी म्हणाला न्या असाच, मग माझा चेहरा बघून म्हणाला तीनशे. दिले. अडीच फूट सागवान, टोकाला गोगलगाय, वर किती हातांनी घासून आलेली चकाकी. घरी आणून पुसलं, आणि मग कळेना, याचं करायचं काय. लेक फोनवर म्हणाली, लॅम्प कर. मी फोन ठेवला.

(रात्री जोडतेय.) संध्याकाळी देवळातून परत येत होते तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पहिल्या पायरीपाशी उभे. हात पुढे केलेला, धरायला काही नाही. ठरावाच्या वेळी त्यांचाही हात वर होता, मी बघितला होता. मला म्हणाले, "अगं, जरा हात देतेस?" दिला. पहिल्या पायरीला त्यांचा पाय अडकला, सावरले. मी मनात मोजत होते, ते तोंडाने मोजत होते. अकरा. खिडकीशी आल्यावर ते कट्ट्यावर टेकले, चष्मा पुसला, आंब्याकडे बघत बसले. बराच वेळ.

"नवीन सोमवारी बसवणार म्हणे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "स्टीलचं."

गोगलगाय सध्या चपलांच्या रॅकमागे आहे.