व्हरायटी दाखवा

"सर, तुमचे पाय जमिनीत गेलेत."

बैजिक भूमितीच्या माझ्या मोफत वर्गातलं हे पहिलं वाक्य, आणि ते माझं नव्हतं. खाली पाहिलं तर खरंच मी घोट्यापर्यंत फरशीत रुतलो होतो. संगणकावरच्या आभासी जगात स्वतःच्या हातानं वर्ग बांधला की असं होतं. बाहेर यायला म्हणून जरा हललो, तर गुडघ्यापर्यंत गेलो. म्हटलं, राहू दे. पाय जमिनीवर असावेत असं लहानपणापासून ऐकत आलोय, आपले थोडे जास्तच आहेत.

हे सगळं का केलं? तर, एक भाबडा हिशेब होता. बैजिक भूमिती म्हणजे बहुपदी समीकरणांची उत्तरं आकार म्हणून बघायची, आणि आकाराबद्दलचे प्रश्न बीजगणिताला विचारायचे. फळ्यावर पृष्ठभाग काढले की ते सुरकुतलेल्या उशीसारखे दिसतात. आभासी जगात तेच पृष्ठभाग घराएवढे बांधता येतील, त्यांच्याभोवती उडता येईल. शिवाय जिथे माणसं पंख लावून फिरतात, तिथे 'अनंतावरचा बिंदू', म्हणजे समांतर रेषा जिथे भेटतात असं मानायचं तो, म्हटल्यावर कोण कशाला दचकेल? फी नव्हतीच. फुकट ते पौष्टिक, या न्यायानं पहिल्या दिवशी बाकं कमी पडली.

'काय हा अवतार करून आलायस!' हे वाक्य घरी मी भरपूर ऐकलं आहे. इथे ते प्रत्येकाला लागू होतं, कारण इथे आपल्या वतीनं वावरणाऱ्या बाहुल्यालाच 'अवतार' म्हणतात. पहिल्या रांगेत एक ड्रॅगन. त्याच्या मागे बसलेल्यांना फळा दिसेना, पण ड्रॅगनला 'जरा सरकून बसा' कोण सांगणार? एक कोल्हा, दोन योद्धे, एक नुसता राखाडी ढग. म्हणजे त्या बिचाऱ्याचा अवतार अजून लोड व्हायचा होता. तो संपूर्ण अभ्यासक्रमभर लोड झाला नाही, पण वर्गातले सगळ्यात चांगले प्रश्न त्या ढगानं विचारले.

बीजगणिताच्या भाषेत समीकरणांच्या उत्तरांच्या संचाला 'व्हरायटी' म्हणतात. मी दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: 'आज : अफाइन व्हरायटी. मोफत.' दहाव्या मिनिटाला पायघोळ लग्नाच्या पोशाखातली एक बाई आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हरायटी दाखवा."

मी हरखलो. इतकी जिज्ञासा! क्ष² + य² = १ दाखवलं. "यात अजून?" मी अन्वस्त दाखवला. "दुसऱ्या रंगात?" मग माझ्या लक्षात आलं की आभासी जगातली निम्मी बांधकामं कपड्यांची दुकानं असतात, आणि फुकट कपड्यांची खबर तिथे वाऱ्याच्या आधी पोचते. मी गैरसमज दूर केला. तरी ती बसून राहिली, बहुधा पाय दुखत असावेत. तिसऱ्या तासाला मी 'आता एक रिंग घेऊ' म्हटलं (रिंग म्हणजे बीजगणितात बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येणारा संच) तेव्हा तिनं बोट पुढे केलं. तोवर तिला रिंग म्हणजे काय हे चांगलं कळत होतं, मुद्दामच केलं.

बोलायचं म्हटलं तर माइकवर सगळ्यांच्या घरचे पंखे ऐकू यायचे, म्हणून मी लिहून शिकवायला लागलो. लिहिताना माझा अवतार हवेत बोटं नाचवत राही. दिसायला तो पेटीवादक, आणि सूर मात्र एकही नाही. त्यात अनंतावरचे बिंदू लिहायची पद्धत अशी की निर्देशकांच्या मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके द्यायचे: एक, मग ठिपके, शून्य, पुन्हा ठिपके, शून्य. गप्पांच्या खिडकीला हे मान्य नव्हतं. दोन ठिपक्यांना शून्य लागलं की ती तिथे तोंडाचा आ वासलेला पिवळा चेहरा काढी. म्हणजे मी बिंदू लिहिला की फळ्यावर उमटे एक आकडा आणि शेजारी थक्क झालेले दोन चेहरे. वर्गात बाकी कोणी थक्क झालं नाही.

प्रत्यक्ष वर्गात कंटाळलेली मुलं निदान डोळे उघडे ठेवतात. इथे ती सभ्यता नाही. पाच मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की अवतार आपोआप मान टाकतो. हिल्बर्टचं १८९३ सालचं शून्यबिंदू-प्रमेय मी फार जीव ओतून सांगायला घेतलं. संमिश्र संख्यांवर, म्हणजे उणे १ चं वर्गमूळही चालवून घेणाऱ्या संख्यांवर, काम करत असाल तर बहुपदींची व्यवस्था निरुत्तर ठरायला एकच कारण असतं, त्या बहुपदींना योग्य गुणक लावून बेरीज केली की १ येतो. किती स्वच्छ विधान! मी मान वर केली तर समोर एकामागून एक माना पडत होत्या, रांगेनं, पिकं आडवी व्हावीत तशा. ड्रॅगनची मान लांब असल्यामुळे तो दोन टप्प्यांत झोपला.

एक तास मात्र जमला. फरशीवर मोठं वर्तुळ आखलं, त्याच्या डाव्या टोकाला मी उभा राहिलो आणि हातात एक लांबलचक काठी घेतली. काठी फिरवायची आणि ती वर्तुळाला समोर जिथे छेदेल तो बिंदू टिपायचा. काठीचा चढ परिमेय असेल, तर त्या बिंदूचे दोन्ही निर्देशक परिमेय. चढ १/२ ठेवला, तर बिंदू (३/५, ४/५), म्हणजे आपला शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. चढ २/३ केला, तर ५-१२-१३. मुलं आकडे ओरडायला लागली, मी काठी फिरवायला लागलो, कोल्हा उड्या मारत एकेक बिंदूवर जाऊन उभा राहायला लागला. तेवढ्यात ढग म्हणाला, "सर, या पद्धतीत वर्तुळावरचे सगळे परिमेय बिंदू मिळाले. फक्त तुम्ही उभे आहात तो नाही मिळाला." खरं होतं. तो मिळवायचा तर चढ अनंत करावा लागतो. संपूर्ण वर्गात शिक्षकच तेवढा हाती लागत नव्हता.

या यशानं चढून मी पुढच्याच आठवड्यात बेझूचं प्रमेय काढलं, आणि ड्रॅगनशी माझं वाजलं. प्रमेय सांगतं की 'म' कोटीचा वक्र आणि 'न' कोटीचा वक्र, दोघांत सामाईक तुकडा नसेल तर, बरोबर म × न बिंदूंत भेटतात (कोटी म्हणजे समीकरणाचा घात). स्पर्श झाला तर तो बिंदू जितका घट्ट तितक्या वेळा मोजायचा, आणि संमिश्र व अनंतावरचे बिंदूही धरायचे.

"दोन वर्तुळं," ड्रॅगन म्हणाला. "दोन दुणे चार. पण ती दोनच ठिकाणी छेदतात. उरलेले दोन कुठायत?"

उत्तम प्रश्न, आणि उत्तरही देखणं आहे. उरलेले दोन बिंदू अनंतावर आहेत, आणि त्यांच्या निर्देशकांत उणे १ चं वर्गमूळ आहे. जगातलं यच्चयावत वर्तुळ, लहान असो की मोठं, त्याच दोन बिंदूंतून जातं. हे मी सांगितलं आणि टाळ्यांची वाट बघत थांबलो.

"म्हणजे एक तर ते अनंतावर आहेत," ड्रॅगन म्हणाला, "आणि वर काल्पनिक आहेत."

"हो."

"म्हणजे नाहीतच."

"आहेत ना."

"मग टेलिपोर्टची लिंक द्या."

आता याला काय म्हणावं? अंगावर हिरवे खवले, नाकातून धूर, ज्या जागेवर बसलाय ती जागा कुठल्याशा यंत्रातल्या विजेच्या चढउतारापलीकडे अस्तित्वात नाही, आणि हा गृहस्थ मला म्हणतोय की उणे १ ला वर्गमूळ असणं त्याच्या मनाला पटत नाही! मी तसं बोललोही. तो शांतपणे म्हणाला, "मी ड्रॅगन आहे हे मला दिसतंय, सर."

म्हणून शेवटच्या तासाला मी त्याच्यासाठी खास बेत केला. आर्थर केली आणि जॉर्ज सॅमन या गणितज्ञांनी १८४९ साली दाखवलं की तिसऱ्या कोटीच्या कुठल्याही गुळगुळीत पृष्ठभागावर बरोबर २७ सरळ रेषा असतात. अर्थात संमिश्र धरून. वास्तव समीकरण घेतलं तर त्यातल्या वास्तव रेषा ३, ७, १५ किंवा २७ असू शकतात. मी निवडला क्लेब्शचा १८७१ सालचा पृष्ठभाग, ज्याच्यावरच्या सत्तावीसच्या सत्तावीस रेषा वास्तव आहेत. एकही लपलेली नाही. घे म्हटलं, मोज.

बांधताना चार रात्री गेल्या. आख्खा वाकडातिकडा पृष्ठभाग उभा करायचा तर माझ्या जागेवर ठेवता येणाऱ्या वस्तूंचा कोटा संपत होता, म्हणून नुसत्या २७ दांड्याच उभ्या केल्या. त्यातल्या १५ सरळ हिशेबात बसल्या, उरलेल्या १२ मध्ये ५ चं वर्गमूळ येतं, त्यांनी रडवलं. रंगीत तालमीत मोजल्या तर २६. एक दांडी शेजारच्या जागेत घुसली म्हणून यंत्रणेनं ती परस्पर उचलून माझ्या हरवलं-सापडलंच्या खणात टाकली होती. ती परत लावायला आत शिरलो आणि अडकलो. प्रत्येक रेषा इतर दहा रेषांना भेटते, हे प्रमेय अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. अर्धा तास दांड्यांच्या जंजाळात कोंडून राहिल्यावर मी शहाणपणा केला. सगळ्या दांड्यांना 'आरपार जाता येईल' अशी खूण लावून टाकली, म्हणजे कुणी अडकायला नको.

त्या दिवशी वर्गात तिघं उरले होते: ढग, नवरी आणि ड्रॅगन. नवरीनं मोजल्या, सत्तावीस. ढगानं तीन-तीन रेषा एकत्र येणारे दहाही बिंदू शोधले. ड्रॅगन बराच वेळ घिरट्या घालून बघत होता.

"सगळ्या वास्तव?" त्यानं विचारलं.

"सगळ्या वास्तव," मी म्हणालो. आवाज जरा भरून आला होता.

तो वळला, पंख मिटले आणि मोठ्या विश्वासानं सगळ्यात वरच्या रेषेवर उतरला. तिथून तो दुसऱ्या रेषेतून, मग पाचव्या-सहाव्या रेषेतून, मग उरलेल्या सगळ्या भूमितीतून आरपार खाली आला आणि माझ्या शेजारी फरशीत कमरेपर्यंत रुतला.

"सर," तो म्हणाला, "ही तर काल्पनिक निघाली."