दोन बुलबुल आणि रस्त्याकडेची माकडं: नेत्रावळीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत तिची बोळवण करणं योग्य नाही. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तुम्ही फोंड्याहून सहकुटुंब गोव्यातल्याच नेत्रावळी अभयारण्यात गेलात. साडेदहाला आत शिरलात आणि मोठ्या रस्त्याने तीन तास चाललात. पाहायला मिळाले ते दोन बुलबुल, चार-पाच फुलपाखरं आणि रस्त्याकडेला माकडांची एक टोळी. अर्धी झाडं बोडकी होती, मग याला वर्षावन कसं म्हणता, असा तुमचा सवाल आहे. सिंहपुच्छ वानराचं नावसुद्धा आम्ही घेतलं नाही आणि फ्रॉगमाउथ या पक्ष्याची जागा मुद्दाम लपवली, ही आणखी दोन गाऱ्हाणी.

आधी आमची चूक. "वर्षातून कधीही जा" हे वाक्य लेखात होतं. ते चुकीचं होतं, काढून टाकलं आहे. महिना आणि वेळ न सांगता जंगलाची शिफारस करणं म्हणजे भरती-ओहोटी न सांगता कोणाला तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढायला पाठवण्यासारखं आहे.

आता बोडक्या झाडांबद्दल. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि सिंहपुच्छ वानराचं उत्तरही त्यातच आहे. घाटालगतच्या गोव्यात पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे सहा-सात महिने कोरडे. केरळच्या दक्षिण भागात हा कोरडा काळ आखूड असतो आणि उत्तरेकडे यावं तसा तो लांबत जातो. म्हणून इथे खरं सदाहरित रान सगळीकडे पसरलेलं नाही. ते व्हाळांच्या (ओढ्यांच्या) काठी, दऱ्यांच्या तळाशी, जिथे मार्चमध्येही माती ओली राहते तिथे पट्ट्यापट्ट्यांनी टिकून आहे. उतारावर आणि माथ्यावर माट्टी, किंदळ, सावर अशी पानगळीची झाडं. नेत्रावळीच्या 211 चौरस किलोमीटरमध्ये हे दोन्ही प्रकार एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही चाललात तो रस्ता बहुतेक उतारावरून जातो, म्हणून तुम्हाला बोडकी झाडं दिसली. तिथून शंभर-दोनशे पावलं खाली, व्हाळाच्या अंगाला, दुपारी बारा वाजताही संध्याकाळसारखा उजेड असतो.

सिंहपुच्छ वानराला बाराही महिने फळं देणारं अखंड सदाहरित रान लागतं. त्याची उत्तरेकडची हद्द उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी-होन्नावरच्या आसपास संपते. गोव्यात तो नाही. कोणी गाईड "काल दिसला होता" म्हणाला तर त्याने काळ्या तोंडाचा वांदर (लंगूर) पाहिला आहे, असं समजा.

बोडकं झाड म्हणजे रिकामं झाड, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. फेब्रुवारीत सावर पानं टाकून लालभडक फुलते. मधासाठी तिच्यावर भृंगराज, हरेवा, सूर्यपक्षी आणि डोंगरी मैना येतात, कधी शेकरूसुद्धा. पानं नसल्यामुळे सगळं उघड्यावर दिसतं. सूर्य पाठीशी ठेवून फुललेल्या सावरीपासून तीसेक पावलांवर अर्धा तास बसा. चालून तीन तासांत दिसत नाही तेवढं तिथे दिसतं. पण हे सकाळी सात ते नऊमध्ये. साडेदहापर्यंत मधाची पहिली गर्दी ओसरते, ऊन चढतं आणि पक्षी सावलीत जाऊन गप्प होतात. तुमच्या सहलीत सगळ्यात मोठा फरक पडला तो त्या तीन तासांच्या उशिरामुळे.

दुसरी गोष्ट चालण्याची. या रानात पक्षी सारखे विखुरलेले नसतात, ते मिश्र थव्याने फिरतात. भृंगराज पुढे, त्याच्यामागे निखार, पिवळ्या भुवईचा बुलबुल, काळ्या मानेची निळी माशीमार, खोडावर उलटी उतरणारी नथॅच. वीस मिनिटं चिटपाखरू दिसत नाही आणि मग दहा मिनिटांत पंधरा जाती डोक्यावरून निघून जातात. लोक चुकतात ते इथेच: थवा दिसला की त्याच्यामागे धावतात, सुकी पानं चुरचुरतात आणि भृंगराज ओरडून सगळ्यांना सावध करतो. थवा कोणत्या दिशेने सरकतोय ते आधी बघा. रस्त्यानेच, आवाज न करता, त्याच्या पन्नास पावलं पुढे जाऊन थांबा. तो तुमच्याकडे चालत येईल.

ट्रोगॉनसाठी तर चालून उपयोगच नाही. हा पक्षी जमिनीपासून दहा ते पंचवीस फुटांवर, सावलीतल्या आडव्या फांदीवर ताठ बसतो आणि माणसाची चाहूल लागली की पाठ फिरवतो. नराचं पोट लालबुंद, पण पाठ वाळक्या पानाच्या रंगाची. तुम्ही त्याच्याकडे बघत असता आणि तो तुम्हाला दिसत नाही. आधी आवाज ऐका, घोगऱ्या शिट्टीसारखा, एकाच पट्टीत पाच-सहा वेळा. आवाज आला की पाऊल न हलवता दुर्बिणीने आडव्या फांद्या एकेक करून तपासा. तो मधूनच मान वळवतो किंवा किडा टिपायला झेप घेतो, आणि तेवढ्यात लाल रंग चमकतो. मोबाइलवर त्याचा आवाज लावू नका. फेब्रुवारी ते मे हा त्याचा विणीचा काळ, आणि खोट्या आवाजाला उत्तर देत बसला तर घरट्याकडे दुर्लक्ष होतं.

दुर्बिणीबद्दलही एक गोष्ट. तुमच्याकडे 10×25 आहे, असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 25 मिलिमीटरचं. पंचवीसला दहाने भागलं की अडीच मिलिमीटर, म्हणजे डोळ्यात येणारी उजेडाची चकती तेवढीच. खाडीकाठच्या उघड्या खाजनात ती चालते. दाट सावलीत चित्र काळं पडतं आणि दहापट मोठेपणामुळे हाताचा कंपही दहापट दिसतो. 8×42 मध्ये हीच चकती सव्वापाच मिलिमीटरची मिळते. शक्य असेल तर जवळ, दोन मीटरवर फोकस होणारी घ्या, फुलपाखरांनाही ती कामी येते.

फुलपाखरांच्या बाबतीत मात्र तुमची साडेदहाची वेळ अगदी योग्य होती, फक्त जागा चुकली. त्या ऋतूत ती फुलांवर नाही, व्हाळाकाठच्या ओल्या वाळूवर असतात. पाणी आटत आलेलं, रेती जेमतेम ओली, वर ऊन, अशी जागा शोधा. कॉमन ब्लूबॉटल, कॉमन जे, अल्बट्रॉस, एमिग्रंट एकमेकांना खेटून बसलेली असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फाइव्ह-बार स्वोर्डटेल. गुडघ्यावर बसून बघा: सोंड वाळूत रोवलेली आणि काही सेकंदांनी पोटाच्या टोकातून पाण्याचा एक थेंब बाहेर उडतो. पाणी आत घेऊन त्यातलं मीठ, मुख्यतः सोडियम, ठेवून घ्यायचं आणि बाकीचं टाकून द्यायचं. बसलेले जवळजवळ सगळे नर असतात. हे मीठ मीलनात मादीकडे आणि तिथून अंड्यांपर्यंत जातं. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, बाकी घाई नको. उडाली तर पाच मिनिटं स्थिर बसा, त्याच जागी परत येतात. त्या ओल्या पट्ट्यावरून चालू मात्र नका.

सदर्न बर्डविंग आणि मलबार ट्री निंफ हवी असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. पावसानंतर रान हिरवंगार असतं आणि अळ्यांना कोवळी पानं मिळालेली असतात. बर्डविंगची अळी सापसणाच्या कुळातल्या वेलींवर वाढते, त्यामुळे त्या वेली जिथे आहेत त्या परिसरातच ते फुलपाखरू पुन्हा पुन्हा दिसतं. सकाळी ते झाडांच्या शेंड्यावरून पक्ष्यासारखं जातं, ऊन तापलं की खालच्या फुलांवर उतरतं. ट्री निंफ ओळखायला सोपी: दाट सावलीत कागदाचा पांढरा तुकडा वाऱ्याने तरंगत जावा तशी.

माकडांकडे वळू. तुम्हाला दिसलेली टोळी खेत्यांची असणार: तांबूस तोंड, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. वांदर रस्त्याकडेला क्वचितच बसतो. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं. फेब्रुवारीत कोवळ्या पालवीवर तो तुटून पडतो, म्हणून सकाळी उन्हाच्या बाजूचे शेंडे बघा. दुपारी दाट पानांत निजलेला असतो. दोघांनाही बिस्कीट देऊ नका. खेती पर्यटकांच्या पिशव्या ओढायला शिकतात, आणि त्याचा त्रास पुढे गावातल्या कुळागरांना (सुपारी-मसाल्याच्या बागांना) होतो. तिसरा प्राणी लोरिस, रात्री फिरणारा, जेमतेम पाव किलोचा. अंधारानंतर अभयारण्यात थांबायला परवानगी नसते, त्यामुळे तो तुमच्या यादीत नको. गाईड टॉर्च घेऊन नेतो म्हणाला तरी नाही म्हणा.

आमच्या लेखात एक गोष्ट राहून गेली होती आणि तुमच्यासोबत मुलं होती म्हणून ती आवर्जून सांगतो. माकडताप. गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि त्या बारीक गोचिडी नेमक्या डिसेंबर ते मे, म्हणजे फिरण्याच्या दिवसांतच अंगावर चढतात. पायमोज्यात खोचलेली पँट, पूर्ण बाह्या, पाचोळ्यात बसायचं नाही. परतल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासायचं, विशेषतः काखा, जांघा, कानामागे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल किंवा काडी लावायची नाही. चाव्यानंतर 3 ते 8 दिवसांत अचानक ताप चढला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

आता फ्रॉगमाउथची जागा. होय, मुद्दाम दिली नाही आणि पुढेही देणार नाही. हा पक्षी दिवसा एकाच झुडपात, एकाच फांदीवर आठवडेच्या आठवडे बसतो. वाळक्या पानाच्या ढिगासारखं दिसणं हाच त्याचा बचाव. जागा जाहीर झाली की रोज पाच-सहा कॅमेरे येतात, कोणीतरी "फक्त एक फांदी" बाजूला करतो, आणि उठलेला पक्षी भर उजेडात कावळ्याच्या नजरेला पडतो. शेवाळी रंगाच्या इवल्याशा घरट्यात एकच अंडं असतं आणि दिवसभर त्यावर नर बसतो. तो उठला की अंडं उघडं. हे ज्ञान लपवणं नव्हे, त्या अंड्याचं रक्षण आहे. वनखात्याकडे नोंद असलेला स्थानिक गाईड घ्या. पक्षी कुठे आहे आणि आज त्याच्यापाशी जावं की नाही, हे त्याला कळतं.

धनेशांबद्दलही तेच. मार्चमध्ये मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर घशात उंबराची फळं भरून आणतो. तो समोरच्या फांदीवर नुसता बसून राहिला, ढोलीकडे जाईना, तर कारण आपण असतो. तिथून लगेच निघावं.

पुन्हा जाणार असाल तर मार्चचा पहिला आठवडा अजून हातात आहे. मडगाव-केपे-रिवणमार्गे उजाडताना पोचा, प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. साडेनऊपर्यंत एका फुललेल्या किंवा फळलेल्या झाडापाशी, मग बारापर्यंत व्हाळाकाठी. एवढंच.

आणि ते दोन बुलबुल. काळ्या डोक्याचे, पिवळ्या अंगाचे आणि गळ्यावर शेंदरी-लाल ठिपका असलेले होते का? तसे असतील तर तो गोव्याचा राज्यपक्षी, पश्चिम घाटाबाहेर तो कुठे मिळणार नाही. फोटो काढला असेल तर पाठवा, गळ्यावर ठिपका आहे का ते पाहून सांगतो.