दिमोनातल्या नातवंडांची मराठीची परीक्षा

मराठी भाषा दिन आला की तो व्हिडिओ फिरायला लागतो. इस्रायलमधले कुणी आजोबा कॅमेऱ्यासमोर अस्खलित मराठी बोलतात, एखादं पद म्हणून दाखवतात, आणि खाली आपल्या कॉमेंटींचा पूर. 'साता समुद्रापार मराठी जपली बघा!' 'नाहीतर आपली इथली कार्टी!' आजोबांबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण आहे ते कॉमेंटींशी.

मी अलिबागचा. इस्रायल आळी हा आमच्यासाठी रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, त्यात नवल असं काही नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा आम्ही वंश, अशी बेने इस्रायलींची, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यूंची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. पूर्वी तर नावंही कोकणच्या वळणाची. सॅम्युअलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. मुंबईत १७९६ साली त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद ती हीच, असं सांगतात.

ही माणसं १९४८ नंतर जायला लागली. कुणी हाकललं नव्हतं, दंगल झाली नव्हती. धर्माची ओढ होती, यात शंका नाही. पण इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल, कस्टममधल्या नोकऱ्यांचं काय होणार ही धास्तीही होती, आणि आधी गेलेल्या भावाची पत्रं होती. न्यू जर्सीला निघालेल्या आपल्या पोराच्या डोक्यात जो हिशेब असतो, त्यापेक्षा हा फार वेगळा नव्हता. फरक इतकाच, की इस्रायलच्या १९५० च्या 'परतीच्या कायद्या'च्या लेखी हे स्थलांतरित नव्हते, 'परत आलेले' होते.

परत आलेल्यांचं स्वागत कसं झालं, ते त्या व्हिडिओत नसतं. पहिल्या काही वर्षांतच भेदभावाला वैतागून एका गटाने धरणं धरलं, आम्हाला भारतात पाठवा म्हणून हटून बसले, आणि खरोखरच परत आले. पुढे त्यातले बरेच पुन्हा गेले, तो भाग वेगळा. मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने नियम काढला, की बेने इस्रायलीचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर आधी आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं तपासा. का, तर शेकडो वर्षं कोकणात एकटे राहिलेले हे लोक, मध्ये कुणाशी सोयरीक केली असेल कोण जाणे! रेवदंड्याची पणजी ज्यू होती याचा कागद आणायचा कुठून? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये पुन्हा धरणं झालं. अखेर ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला खास बैठक घेऊन सांगावं लागलं, की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर त्या नियमातून बेने इस्रायल हे नाव निघालं.

आता माझा मुद्दा. रब्बी पणजीचा दाखला मागत होते. आपण नातवाकडे मराठीचा दाखला मागतो. तपासनीस बदलला, तपासणी तीच. माणसाने आपण कोण हे सांगायचं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे तिसऱ्याने ठरवायचं!

काही हिवाळ्यांपूर्वी आळीत एक मुलगी भेटली. सक्तीची सैन्यातली नोकरी संपवून, तिकडच्या पोरांच्या रिवाजाप्रमाणे भारत फिरायला आलेली. दिमोनाची, म्हणजे दक्षिण इस्रायलमधल्या एका गावची. पुढे गोव्याला जायचं होतं, मध्ये आजीचं घर बघायला थांबली. मराठी येत नव्हती. तिने आजीला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं आता म्हातारी रडणार. म्हातारीने माझं नाव-गाव विचारलं आणि लगेच, "पापलेट कसं दिलंय आज?" मी भाव सांगितला तर म्हणाली, "लुटतात मेले." मग दहा मिनिटं मासळी. कोळंबी त्यांना चालत नाही, त्यामुळे यादी आखूडच. नात शेजारी उभी, हसत होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं. घर दाखवलं, फोटो काढले, गोव्याची बस पकडून गेली.

त्या मुलीचं काही हरवलंय, असं मला अजिबात वाटलं नाही. तिच्या घरी शुभकार्याला आजही मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा. मराठी आजीबरोबर जाईल, हलवा बहुतेक राहील. काय ठेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं, आणि त्यात आपल्याला कुणी मत विचारलेलं नाही.

देश ही मात्र निराळी गोष्ट. तिने वयाची दोन वर्षं ज्या सैन्याला दिली, ज्याचा कर भरते, ज्याच्या सरकारला मत देते किंवा शिव्या घालते, तो तिचा देश. (त्या सरकारबद्दल माझी मतं तिखट आहेत, पण ती वेगळ्या पोस्टमध्ये. इथे तो वाद नको.) वारसा असं काहीच मागत नाही. म्हणून तो जड होत नाही, आणि म्हणूनच त्याच्या बळावर कुणाकडे निष्ठा मागणंही चूक. आपल्या कायद्याला हे नीट कळतं. परदेशी नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट गेला. परदेशातल्या भारतवंशीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळेल, या, राहा, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. (अलिबागेत शेतजमीन मुंबईच्या शेठजींनी शिल्लक ठेवली असेल तर!) परदेशी सैन्यात राहिलेल्यांना या कार्डाची अडचण होती. सक्तीची नोकरी केलेल्यांनाही ते मिळेल, हे मोदींनी २०१७ च्या जुलैत तेल अवीवला जाहीर केलं. मला हा निर्णय आवडला. तू तिकडची आहेस हे मान्य, आजीच्या घराचं दार उघडं आहे हेही मान्य.

हे सगळं एका मित्राला सांगत होतो, तर त्याने ठेवणीतला प्रश्न काढला: "ते ठीक आहे रे, पण भारत-इस्रायल मॅच झाली तर हे कुणाच्या बाजूने?" त्याला वाटलं अशी मॅच होतच नाही. झाली आहे. फुटबॉलची. १९६४ चा एशियन कप, इस्रायलमध्येच. त्यांनी आपल्याला २-० हरवलं, कप नेला, आपण उपविजेते. मे महिना होता. म्हणजे त्या वेळी एक देश यांना पणजीचा दाखला मागत होता आणि दुसऱ्याचा पासपोर्ट यांनी केव्हाच सोडला होता. आता मित्रानेच सांगावं, इस्रायलमधल्या लोद गावात रेडिओला कान लावून बसलेल्या एखाद्या पेणकरने नक्की कुणाच्या गोलवर टाळी वाजवायची होती?