किती झाल्या शिट्ट्या?

गेल्या दिवाळीत आईला बीपीचं मशीन नेलं. साडी आणू नकोस, कपाट लागत नाही, असं तीच म्हणाली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला तशी आई म्हणाली, "किती झाल्या गं शिट्ट्या?"

"आई, बोलू नकोस."

"अगं पण डाळ आहे. दोन झाल्या की तीन?"

मान गॅसकडे, डोळे कुकरकडे, फक्त दंड तेवढा माझ्या ताब्यात. आकडा आला १६८/९८. "तुझं मशीन बिघडलंय," असं म्हणून पट्टा तसाच लोंबता ठेवून ती उठली आणि गॅस बंद करून आली.

मशीन ठणठणीत होतं. पण तो आकडाही तसा खरा धरता येणार नाही, कारण बीपी असं घ्यायचं नसतं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको, अर्धा तास आधी चहा नको, आणि तोंड बंद. नुसतं बोलल्यानेही दहा-एक पॉइंट सहज चढतात. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाच मिनिटं शांत? कधी?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच मनातल्या मनात दिवस चाळून बघत होती.

मी आठवडाभर राहिले. आमच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते, आणि ज्या दिवशी नळाला पाणी त्या दिवशी 'पा' लिहिलेलं असतं. त्याच चौकोनांत मी पेन्सिलीनं आईचं बीपी लिहायला लागले, सकाळ-संध्याकाळ, नीट बसवून. शनिवारपर्यंत ते पान कुणालाही वाचता आलं असतं. 'पा'च्या दिवशी सकाळचा आकडा वर. भावकीतून जमिनीचा फोन आला त्या संध्याकाळी वर. आजीला रात्री दोनदा उठवून बाथरूमला न्यावं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वर. (आई ६६ ची, आजी, म्हणजे तिची सासू, ८९ ची. या वयातही आईचं सूनपण संपलेलं नाही.) आणि एका दिवशी चक्क १२८/८०. त्या दिवशी तिची भिशी होती.

पाण्याचं सांगायलाच हवं. आमच्या गावात पाणी दिवसाआड आणि पहाटे चारच्या सुमारास येतं, तासभर. आई तीनलाच जागी होते. गजर नाही लागत. नळ आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग धार धरते, आणि ती अंधारात पडल्या पडल्या त्या फुसफुशीची वाट बघत असते. हे चालू आहे बावीस वर्षं. निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतं. दिवसभर ताणलेल्या रक्तवाहिन्यांना तेवढीच काय ती उसंत. ज्यांचं रात्रीही उतरत नाही त्यांच्या हृदयाला आणि मेंदूला धोका जास्त, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. पण दवाखान्यात "झोप लागते का?" असं विचारलं तर आई "लागते की" म्हणते. ते खोटंही नाही. लागते. मोडते कोण, ते तिला कुणी विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती हवीच होती. 'एकदा सुरू झाली की आयुष्यभर' या भीतीनं टाळणाऱ्या आणि आकडा खाली आला की परस्पर बंद करणाऱ्या बायका मी ढीगभर बघितल्यात, तेव्हा कृपा करून कमेंटमध्ये मेथीचं पाणी सुचवू नका. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून मनानं आणायची त्या वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांनी थांबवल्या, कारण त्यातल्या बऱ्याच बीपी वाढवतात. इथवर सगळं उत्तम. मग निघताना ते म्हणाले, "आणि टेन्शन घेऊ नका हं काकू."

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. जणू टेन्शन बाजारात मिळतं आणि आई पिशवी घेऊन ते आणायला जाते. चारचा नळ, आजीचं डायपर, भावकीचा फोन यातलं तिनं नेमकं काय घेऊ नये?

पण डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी माझं ऐका. मी तर त्यांच्या वरताण निघाले. मी तिला ऑनलाइन प्राणायामाचा क्लास लावून दिला. पहाटे साडेपाचचा. पैसे भरले, फोनवर सगळं जोडून दिलं आणि पुण्याला परतल्यावर आठवडाभर स्वतःवर खूश होते. मग कळलं, साडेपाचला मोकळं बसता यावं म्हणून आई पाण्याच्या दिवशी परत झोपत नाही, आणि इतर दिवशी पाचच्या आत उठून कणीक भिजवून ठेवते. म्हणजे ताण कमी व्हावा म्हणून मी तिची उरलीसुरली झोप कापली होती. मिठाचंही तेच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचाभर मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मी तिला ऐकवलं. तिनं काय करावं? स्वतःपुरती वेगळी आमटी काढायला सुरुवात केली. घराची नेहमीची, आजीची मऊ-अळणी, आणि आता तिची. तीन पातेली. घासणार कोण, विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. आईच्या हृदयासाठी जे जे म्हणून सुचवलं जातं, ते शेवटी आईनंच करायचं असतं, चालू कामांच्या डोक्यावर. तिनं चालावं, तिनं ध्यान करावं, तिनं 'स्वतःसाठी वेळ काढावा'. काढावा कुठून? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात जाणारी रोजची सरासरी निघाली २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. आजारी माणसाचं, लेकराबाळांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. मी हे आकडे घरी वाचून दाखवले तर अप्पांची ८८ कशी भरायची यावरच चर्चा सुरू झाली. देवपूजा धरली, पेपर उचलून ठेवणं धरलं, तरी चाळिशीपुढे गाडी सरकेना. अप्पा एसटीत कंडक्टर होते, हिशेबाला पक्के. तेच शेवटी म्हणाले, "बसत नाही."

अप्पा वाईट नाहीत. चहाचा कप स्वतः विसळतात आणि गल्लीत त्याचं कौतुक आहे. आईनं कप विसळल्याचं कौतुक कधी झालेलं मला आठवत नाही, पण ते असो.

या सगळ्यात मला सारखी मावशी आठवते. सहा वर्षांपूर्वी, गौरीजेवणाचा दिवस, मावशी तेव्हा ५८ ची. सोळा भाज्या, पुरण, पंचवीस पानं. दहाच्या सुमाराला तिच्या पाठीत भरून आलं, जबडा ओढल्यासारखा झाला, ब्लाउज घामानं भिजला. स्वयंपाकघरात कुणाला घाम येत नाही? पित्त असेल म्हणून तिनं ओव्याची फक्की मारली आणि पुरणाला बसली. सवाष्णी जेवल्या, दुसरी पंगत उठली, गौरीपुढचे विडे झाले. रात्री धाप लागायला लागली तेव्हा ती म्हणाली, सकाळी बघू. सकाळी ईसीजी काढला तर मोठा अटॅक येऊन गेलेला. आज ती आहे आमच्यात, पण हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आहे आणि एक जिना चढायचा तर मधे उभी राहते. तिचा मुलगा आयसीयूच्या दारात रडत विचारत होता, आई, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगून काय, वाढणार कोण होतं?"

छातीत दुखणं बायकांनाही होतंच. पण बायकांमध्ये धाप, मळमळ, जबड्यात-पाठीत दुखणं, कशानेही न जाणारा थकवा, अशी लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त वेळा दिसतात, आणि यातलं प्रत्येक 'पित्त' किंवा 'दगदग' या दोन शब्दांत बसतं. इतकं चांगलं बसतं की तासामागून तास निघून जातात. या दुखण्यात तासांनाच किंमत असते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ पासून तिथल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास चाललाय. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे हृदयाचे शत्रू म्हणून आज आपण सहज बोलतो, त्यामागे या गावाचं मोठं ऋण आहे. त्याच लोकांच्या पुढच्या पिढीवरचा एक अभ्यास २००७ साली आला. साधारण ३७०० स्त्री-पुरुष, दहा वर्षांचा पाठपुरावा. नवऱ्याशी खटका उडाला की मनातलं मनातच ठेवणाऱ्या बायकांचा त्या काळात मृत्यूचा धोका बोलून टाकणाऱ्यांच्या चौपट निघाला. कोणत्याही कारणानं मृत्यू, फक्त हृदयविकार नव्हे, आणि एका अभ्यासावरून कुणी निवाडा करू नये हेही खरं. तरी ते वाचताना मला आईचं 'जाऊ दे' ऐकू आलं. आमच्या घरात हे दोन शब्द दिवसातून किमान दहा वेळा होतात. 'जाऊ दे, कशाला वाढवायचं.' 'जाऊ दे, माझं मी करते.' जातं कुठे ते? मला वाटतं, कालनिर्णयच्या चौकोनात जातं.

आता स्वतःचं सांगते, कारण ही पोस्ट वाचणाऱ्या बऱ्याच जणी माझ्या वयाच्या, चाळिशीच्या आसपासच्या आहेत. माझ्या बाळंतपणात आठव्या महिन्यात बीपी १६० वर गेलं होतं, पाय भरले होते, लघवीतून प्रोटीन जात होतं. सिझर झालं, बाळ सुखरूप, पेढे वाटले, फाईल माळ्यावर. गरोदरपणी असं बीपी वाढलेल्या किंवा साखर वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो हे मला चौदा वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. पाळी जायच्या वयात तो धोका आणखी चढतो. तेव्हा ती फाईल माळ्यावरून काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवा. मी ठेवली. माझं १३८/८८ निघालं. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

तर घरी काय बदललं? फार नाही. भावानं आणि मी मिळून अंगणात जमिनीखाली टाकी करून घेतली, फ्लोट वॉल्व्ह लावला. एका बऱ्या पैठणीएवढा खर्च आला. आता पाणी आपलं आपण येतं, भरलं की बंद होतं. गंमत म्हणजे पुढचे तीन आठवडे आई तरीही तीनला उठत होती आणि टाकीचं झाकण उघडून बॅटरीनं बघून येत होती. मग एक दिवस सहापर्यंत झोपली आणि घाबरून अप्पांनीच तिला हलवून उठवलं. आजीसाठी रात्रीची बाई अजून मिळालेली नाही, ते दुखणं तसंच आहे. भावकीचे फोन आता अप्पा घेतात, खालच्या आवाजात, बाहेर जाऊन. आमटीला एकच पातेलं, सगळ्यांनाच मीठ कमी. पहिले चार दिवस अप्पांनी ताटात वरून मीठ घेतलं, पाचव्या दिवशी आईनं मिठाची बरणी उचलून फडताळात ठेवली आणि 'जाऊ दे' म्हणाली नाही. प्राणायाम क्लास बंद. भिशी महिन्यातून दोन.

परवा रात्री फोन आला.

"घेतलं गं बीपी. पाच मिनिटं बसून घेतलं. १३४/८२."

"आणि कुकर?"

"हे उभे होते ना मोजायला. तीनला बंद करा म्हटलं होतं. पाच होऊ दिल्या. वरणाचं पिठलं झालं."

मागून अप्पांचा आवाज आला, "तिसरी अर्धीच वाजली होती, म्हणून धरली नाही."