भंगार, १ नग

काल सायंकाळी साडेपाच वाजता आमच्या सोसायटीच्या आवक वहीत माझ्या आजोबांच्या घराची नोंद 'भंगार, १ नग' अशी झाली आणि त्या नोंदीपुढे सही माझी आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याला दोष देऊन मोकळे होण्याची सोय नाही, कारण त्याने मला रीतसर विचारले होते. मी "टेबल" म्हणालो. त्याने टेम्पोत डोकावून टेबलाच्या मधोमध असलेले, अंगठा जाईल एवढे भोक पाहिले, कडेने गेलेला काळा पट्टा पाहिला आणि मग शांतपणे नियम सांगितला, की फर्निचर म्हणून लिहिले तर लिफ्टचे पाचशे रुपये भरावे लागतील, भंगाराला मात्र काही लागत नाही. मी क्षणभर विचार केला आणि सही केली. वाडवडिलांची वस्तू भंगारात काढणारा मी आमच्या घराण्यातला पहिला नसेन. परंतु त्याचा लेखी पुरावा मागे ठेवणारा बहुधा पहिलाच.

आजोबांचे घर औसा तालुक्यात होते, सहा खणांचे आणि माळवदाचे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे आणि त्यांच्यावर हात-दीड हात पांढरी माती, असे हे छत उन्हाळ्यात गारवा देते आणि बायकांना कुरडया वाळवायला जागा देते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडामातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची हीच माती हजारो माणसांच्या जिवावर उठली. आमच्याही दोन भिंती उसवल्या, पण लाकडाचे खण जागचे हलले नाहीत. तरीही त्या छताखाली पाठ टेकायला पुढे कोणी धजेना, वडिलांनी बिऱ्हाड लातूरला हलवले आणि घर एकेक पावसाळा झेलत एकटे उभे राहिले. गेल्या पावसाळ्यात माळवद खचले. जुने लाकूड घेणारा व्यापारी दारात उभा असून तुला काही हवे असेल तर आत्ताच बोल, असा काकांचा फोन आला, आणि ज्या घरी मी दहा वर्षांत दोनदा गेलो होतो त्या घराविषयी माझ्या मनात अचानक अपार माया दाटून आली. मी दोन तुळया मागितल्या.

प्रत्येक तुळई दहा फूट लांब, आठ इंच रुंद आणि सहा इंच जाड. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४, हा घनफुटाचा हिशोब मी तोंडपाठ करून ठेवला होता. त्यानुसार एका तुळईत सव्वातीन घनफुटांहून जास्त सागवान भरत होते. सागाचे घनफूट साधारण अठरा किलोंचे, म्हणजे एक तुळई साठ किलोंची. हा आकडा कागदावर फारसा जड वाटत नाही.

सॉ मिलमध्ये मालक होता, दोन कामगार होते आणि एक आबा होते. आबा तेथे कोण होते, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. त्यांच्या हातात मोडक्या बाजेचा एक पाय होता, त्यावरून ते गिऱ्हाईक असावेत. परंतु ते काम पाच मिनिटांचे होते आणि आबा सकाळपासून तेथेच बसले होते. टेम्पोतून तुळया उतरल्या तसे ते उठले आणि बैल पारखावा तसे तुळईभोवती फिरून आले.

"कुठून आणलाव?"

"आमच्या गावाकडच्या घराच्या आहेत."

"पाडलेल्या घराच्या का पडलेल्या?"

मी म्हणालो, माळवद खचले होते, मग उरलेले उतरवले, तेव्हा थोडेसे दोन्ही म्हणता येईल. हे उत्तर आबांना पटले नाही. "असं दोन्ही नसतंय," ते म्हणाले. "पाडलेल्या घराचं लाकूड मोकळं असतंय. पडलेल्याचं रुसलेलं असतंय. रुसलेल्या लाकडाचं काय बी करा, ते घरात सुखानं बसत न्हाई." मालकाने मान डोलावली. लोहचुंबक घेऊन तुळईतले खिळे शोधणारा कामगारही थांबला, आणि माझ्या लाकडाच्या मनःस्थितीवर विचार करण्यासाठी सॉ मिल पाच मिनिटे बंद राहिली.

मी सांगितले की हा किनवटच्या रानातला साग आहे, असे आजोबा म्हणायचे. आबांनी नखाने तुळई खरवडली, वास घेतला, धुराची काजळी पंच्याला पुसली आणि साग असल्याचे मान्य केले, पण किनवट मान्य केले नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"हिच्याखाली कोण गेलतं का?"

"आजोबा गेले. पण नव्वदीचे होऊन, अंथरुणावर, शांतपणे."

"खालीच ना पर?"

सहा खणांच्या घरात माणसाने तुळई चुकवून मरायचे ठरवले तर अंगणातच जावे लागेल, हे मी त्यांच्या लक्षात आणून देण्याचा प्रयत्न केला. आबांचे लक्ष मात्र तुळईच्या मध्यावर होते, तेथे लोखंडी कडी बसवल्याची खूण होती आणि लाकूड घासून गुळगुळीत झाले होते.

"हितं दोर बांधलता."

"पाळण्याचा होता," मी म्हणालो. "वडील, आत्या, मी, सगळे त्याच पाळण्यात वाढलो."

"पाळण्याचा का?" आबा म्हणाले, आणि मालकाकडे पाहून पुन्हा म्हणाले, "पाळण्याचा म्हणतेत." त्या स्वरात एवढा संशय होता की मी पाळण्यात होतो याला साक्षीदार आणावा काय, असे मला वाटून गेले. आमच्या भागात तुळई दिसली की लोकांना आधी कसला दोर आठवतो, हे मलाही ठाऊक आहे, आणि तो प्रश्न त्यांच्या जिभेवर आयुष्यभर जे पाहिले त्यातून आला होता, हेही ठाऊक आहे. तरीसुद्धा तो मला झोंबला, कारण घरी आल्यावर मी आईला फोन करून खात्री करून घेतली. पाळण्याचाच होता.

करवत सुरू झाली आणि तिसऱ्याच फळीला त्या कडीचा आत मोडून राहिलेला खिळा लागला. चुंबकाला तो सापडला नव्हता. पात्याचे दात गेले. आबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मालकाकडे पाहिले. पात्याचे बाराशे रुपये मी भरले.

त्यानंतर तुळया सुतारमामांकडे गेल्या. मामांचे काम चोख आहे. जुने लाकूड पुरते वाळलेले असल्यामुळे नव्यासारखे पुढे वाकत नाही, असे ते म्हणाले. रंधा फिरला तसा काळ्या सालीखालून सोनेरी रंग निघाला आणि सागाच्या तेलाचा वास दुकानभर पसरला, तेव्हा मला पात्याचे बाराशे रुपयेही विसरायला झाले. मात्र चुन्याचे थर आणि बारीक खडे रंध्याची धार मारतात, म्हणून मजुरी चौदा हजार झाली. शेजारच्या दुकानात प्लायवूड आणि सनमायकाचे तेवढेच टेबल नऊ हजारांना मिळत होते, आणि त्यात लाकूड त्यांचे होते. जोधपूरच्या कारखान्यांतून जुन्या लाकडाचे असेच टेबल 'भोकांसह' मागवायचे तर याच्या कितीतरी पट मोजावे लागतात आणि वर लोक विचारतात की कुठून मिळवले. आमच्याकडे मात्र लोक विचारतात की नवे घ्यायला परवडले नाही का. परवा माझे साडू नेमके हेच विचारून गेले.

हिशोबाचा मुद्दा अजून मिटलेला नाही. दोन तुळया मिळून साडेसहा घनफुटांवर लाकूड गेले होते. टेबलाची फळी पाच फूट बाय अडीच फूट, सव्वा इंच जाडीची. पाय आणि चौकट धरून सव्वादोन घनफूट होते. उरलेले चार घनफूट कोठे गेले, असे मी नम्रपणे विचारले. मामांनी भुसा दाखवला, वाळवीने खाल्लेली कडेची पांढरी साल दाखवली, लाकडात लाकूड अडकवायच्या जुन्या कुसवांच्या खाचा दाखवल्या, आणि मग सहज म्हणाले, "एक दीड फुटाचा तुकडा आबा घेऊन गेले. देव्हाऱ्याला."

रुसलेल्या लाकडाचा देव्हारा! मी दोनदा विचारून खात्री केली. आबांनी तो तुकडा मागून नेला होता, आणि देव्हारा चांगला झाला असल्याचा निरोपही मामांकडे ठेवला होता.

माझे टेबल मात्र डुगडुगते. मामा म्हणतात की फरशीला उतार आहे.

आज सकाळी मी नोंद दुरुस्त करून घ्यायला फाटकावर गेलो. शाईने लिहिलेले खोडता येत नाही, सचिवांच्या नावे अर्ज द्या, असे पहारेकऱ्याने सांगितले. मी वर येऊन त्याच टेबलावर अर्ज लिहायला बसलो. 'भंगार, १ नग' याऐवजी 'सागवानी टेबल, १ नग' असे वाचण्यात यावे, एवढे लिहून झाले आणि टेबल हलले, पेन नेमके कडीच्या भोकावर आले आणि कागदातून आरपार गेले. दुसरा अर्ज मी जमिनीवर बसून लिहिला. त्याला लिफ्टचे पाचशे रुपये जोडावे लागतील, असे पहारेकरी म्हणतो.